दीड सेकंद

रत्नम्मा येमूल रागावली नाही असा दिवस त्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबनं अठरा वर्षांत पाहिला नाही. पोरं चपला घालून आत आली की राग, की-बोर्डच्या फटीत चिवड्यातली शेव सापडली की राग, आणि एखादे प्राध्यापक "मॅडम, जरा बघता का, इंटरनेट गेलंय" म्हणत आले की सगळ्यात जास्त राग, कारण केबल त्यांच्याच पायानं निघालेली असायची. पोरांनी तिचं नाव कर्फ्यू ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. हुद्दा लॅब असिस्टंटचा, शिक्षण पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वय बेचाळीस. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "वेळ झाला नाही" म्हणायची आणि अशी बघायची की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या घशातच राहायचा.

पण तिच्या रागाची एक गोष्ट मानावी लागेल. दुसऱ्यांचा राग भांडी आपटतो आणि निवतो. हिचा राग चष्मा लावून टेबलाशी बसायचा आणि काम संपेपर्यंत उठायचा नाही. लॅबमधले तीस कॉम्प्युटर विकणाऱ्यानं भंगारात काढायला सांगितले होते. हिनं चिडून त्यांच्यावर फुकट मिळणारी लिनक्स चढवली आणि नऊ वर्षं चालवून दाखवले.

सोलापुरात जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली त्याच्या पुढच्या आठवड्यात तिच्या धाकट्या भावाची, कुमारची, उजव्या हाताची दोन बोटं मशीननं नेली.

कुमार एमआयडीसीत सिद्धलिंगप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. म्हणजे मशीन लावून देणारा, अडली की सुरू करून देणारा माणूस. एकवीस वर्षं मागाशी. त्या दिवशी ताण्याचा दोरा तुटला, त्यानं थांबायचं बटण दाबलं आणि तुटलेलं टोक धरायला हात घातला. मशीन थांबली नव्हती. शुद्धीवर आल्यावर दवाखान्यात तो अक्काला, म्हणजे रत्नम्माला, एकच वाक्य बोलला, "मी बटण दाबलं होतं."

अप्पांनी, म्हणजे सिद्धलिंगप्पांनी, त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, सगळा खर्च केला, दोन दिवस बाकड्यावर बसून राहिले. त्याबद्दल रत्नम्मानं त्यांना कधी नावं ठेवली नाहीत. पण आठव्या दिवशी कारखाना निरीक्षकांकडे अपघाताचा अहवाल गेला आणि त्यात कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते: कामगाराचा निष्काळजीपणा. मशीनचा कंट्रोलर बनवणाऱ्या बाहेरगावच्या कंपनीनं तसं पत्र दिलं होतं. मशीनमध्ये दोष नाही, कामगारानं ती पूर्ण थांबण्याआधी हात घातला. अप्पांनी त्या पत्रावरून केलेल्या अहवालावर मुकाट सही केली.

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. बोटं गेली ती गेली. पण सोलापुरात जॉबरच्या नावापुढं निष्काळजी हा शब्द लागला की संपलं. कुठल्याच कारखान्यात त्याला कुणी मशीनला हात लावू देत नाही. आणि कुमार म्हणजे असा माणूस, की घरातला मिक्सर धुताना आधी पिन काढून खिशात ठेवायचा. त्याला निष्काळजी म्हणायचं? ती अप्पांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"अप्पा, तुम्ही एकवीस वर्षं बघताय त्याला. तो निष्काळजी आहे?"

"मी कुठं म्हणतोय? कंपनी म्हणती की," अप्पा म्हणाले. "त्यांचं इंजिनियरचं काम. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय," रत्नम्मा म्हणाली. खरं तर तेव्हा तिला काहीच कळत नव्हतं.

तिला कळत होतं ते इतकंच. पूर्वी बटण दाबलं की वीज तुटायची. या नव्या मशिनींवर बटण फक्त कंट्रोलरच्या डब्यातल्या छोट्या कॉम्प्युटरला सांगतं, आणि मशीन थांबवतो तो कॉम्प्युटर. मशीन सुरू होताना त्या डब्याच्या पडद्यावर जी अक्षरं धावतात ती तिनं एकदा पाहिली होती. ती लिनक्सची होती. लिनक्स काही कंपनीच्या बापानं लिहिलेली नाही. जगभरच्या माणसांनी लिहून सगळ्यांसाठी उघडी ठेवलीय. कुणीही घ्यावी, बदलावी, मशीनमध्ये घालून विकावी. अट एकच: ज्याला विकली त्यानं मागितला की बदललेला सगळा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, त्याच्या हातात द्यायचा.

तिनं अप्पांच्या लेटरहेडवर मागणीचं पत्र टाइप केलं. दुरुस्तीचं काहीतरी असेल असं समजून अप्पांनी न वाचता सही केली. कंपनीनं उत्तर दिलं नाही. दुसऱ्या पत्राला "संबंधित विभागाकडे पाठवले आहे" असं उत्तर आलं, तिसऱ्याला परत तेच. चार महिने ही टोलवाटोलवी चालली. पाचव्या पत्राला तिनं लिनक्सच्या परवान्याची कलमं जोडली, खाली निरीक्षक मॅडमना प्रत असं लिहिलं आणि खरंच प्रत दिली. आठ दिवसांत कुरियरनं एक पेनड्राइव्ह आला. सोबत चिठ्ठी नाही, सूचना नाही. आत सत्तर हजार फायली.

ही कंपन्यांची जुनी खोड. द्यावं तर लागतंय ना, मग असं द्या की समोरच्यानं हात टेकले पाहिजेत. रत्नम्मानं पहिल्या दिवशी "थांबा" या अर्थाचा इंग्रजी शब्द त्या ढिगाऱ्यात शोधला. तो हजारो ठिकाणी निघाला. दोन आठवडे ती एका फायलीतून दुसऱ्या फायलीत गेली, या कामाला हाक मारणारं ते काम, त्याला हाक मारणारं तिसरं, आणि शेवटी दर वेळी एखाद्या प्रिंटरपाशी नाहीतर ध्रुवावरच्या वेधशाळेच्या यंत्रापाशी पोचली. मग एका दुपारी डबा खाताना तिला स्वतःचाच राग आला. सत्तर हजार फायली कशाला वाचायच्या? कंपनीनं बदललेल्या तेवढ्याच वाचू की. तिनं त्याच आवृत्तीची मूळ लिनक्स इंटरनेटवरून उतरवली, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि कॉम्प्युटरला सांगितलं, फरक दाखव. एक्केचाळीस फायली निघाल्या. बटणाची फाइल एकोणिसावी होती.

त्या फायलीत, मशीन थांबवणाऱ्या ओळीच्या डोक्यावर, पंधराशे मिलिसेकंद गप्प बसून राहण्याचा हुकूम होता. बटण दाबलं की दीड सेकंद काहीच करायचं नाही. मग मशीन थांबवायची. सापडली म्हणून ती खुर्चीतून उठलीसुद्धा, आणि तशीच परत बसली. कारण त्या हुकमाच्या वर, प्रोग्रॅम लिहिणारे स्वतःच्या आठवणीसाठी ठेवतात तशी, एक टीप होती. इंग्रजीत होती, अर्थ असा: सोलापूर. जॉबर कुमार यांच्या मागणीवरून. मशीन उगाच थांबते. थांबण्याआधी दीड सेकंद वाट पाहणे.

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली. कुमार दाजीपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत डाव्या हातानं शेंगा सोलत बसला होता. तिनं त्याच्यापुढं छापलेला कागद ठेवला आणि बोटानं नाव दाखवलं.

"हे काय आहे?"

त्यानं नाव वाचलं. शेंग हातातच राहिली.

"बोल की. पाच महिने मी कंपनीच्या खनपटीला बसलेय, त्या अप्पांशी भांडलेय, आणि तू इथं मूग गिळून बसलास?"

"नवी मशीन आली तेव्हाचं हाय हे," कुमार म्हणाला. "कापसाची भुकटी उडून दोऱ्याच्या सेन्सरवर बसायची. दोरा तुटलेला नसायचा तरी मशीन थांबायची. दिवसातनं चाळीस-चाळीस वेळा. अप्पा म्हणाले, त्या इंजिनियरला सांग काहीतरी कर म्हणून. मी सांगितलं. दोरा खरंच तुटलाय का जरा थांबून बघ, मग थांबव, असं म्हणालो मी. दोऱ्याचं म्हणालो, अक्का. बटणाचं कशाला म्हणू?"

तिनं कागद परत वाचला आणि तिला सगळं दिसलं. दोऱ्याचा सेन्सर आणि थांबायचं बटण, दोन्ही शेवटी त्याच एका ओळीपाशी येत होते. इंजिनियरनं वाट पाहायचा हुकूम सेन्सरच्या ओळीत घालायचा, तो आळसानं खाली, दोघांच्या वाटेवर, घालून ठेवला. बटण मेलं दीड सेकंद, आणि ते कुणालाही सांगितलं नाही. भुकटीचं थांबणं बंद झालं म्हणून सगळे खूश होते.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, माझ्यामुळंच झालं असंल. अहवालात लिहिलंय ते खरंच हाय असं वाटलं." मग तो हलकेच म्हणाला, "ती ओळ पूस अक्का. माझं नाव दिसलं की ते म्हणतील, ह्यानंच मागितलं."

तिनं त्याला इतकं झापलं की शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकरी ताटात वाढायची, पण शब्द नाही.

निरीक्षक राजनंदिनी मॅडमनी कंपनीला तो पंधराशेचा हुकूम दाखवून खुलासा मागितला. कंपनीचा इंजिनियर उदयसिंह, तोच तो, त्यानं लेखी कळवलं: दिलेला सोर्स कोड हा चाचणीसाठीचा जुना मसुदा आहे, मशीनमध्ये प्रत्यक्ष चालणारी प्रणाली वेगळी आहे. मॅडम सरळ माणूस. त्या रत्नम्माला म्हणाल्या, "त्याचं खोटं आहे असं तुम्ही म्हणता. मला ते कागदावर कसं दिसणार?"

कसं दिसणार, ते रत्नम्माला माहीत होतं. माणसाला वाचता येणारा मजकूर मशीनला कळत नाही. तो बांधून त्याचं एक गाठोडं करावं लागतं, आणि मशीनच्या मेमरी कार्डावर असतं ते गाठोडं. अपघातानंतर पंचनाम्याच्या वेळी तिनं भांडून त्या कार्डाची नक्कल सीलबंद करून घेतली होती. आता कंपनीनं दिलेल्या मजकुरातून तिनं स्वतः गाठोडं बांधायचं. ते कार्डावरच्याशी अक्षराला अक्षर जुळलं, तर मजकूर त्याचाच. जुळतंय की नाही ते एका लांबलचक आकड्यावरून कळतं; कार्डावरच्या गाठोड्याचा तो आकडा तिनं पंचनाम्यातच नोंदवून घेतला होता. आत एक कानामात्रा बदलला तरी तो आकडा पार बदलतो.

दर रविवारी लॅब बंद असते. ती किल्ली घेऊन सकाळी नऊला जायची. एक बांधणी व्हायला सव्वा तास. उदयसिंहनं वापरलेल्या आवृत्तीचीच बांधायची अवजारं लागतात. ती शोधण्यात तीन रविवार गेले. गाठोड्यात बांधणाऱ्याचं नाव आणि तारीख-वेळही जाते. ती मशीनच्या पडद्यावर दिसायची, तिनं तशीच घातली. उदयसिंहचं नाव स्वतःच्या हातानं टाइप करताना तिनं दात-ओठ खाल्ले. तरी आकडा जुळेना. काहीतरी बदलायचं, परत बांधायचं, सव्वा तास बसायचं, वेगळा आकडा. निरीक्षक मॅडमपुढच्या सुनावणीची तारीख पंधरा दिवसांवर आली. आता तिला राग कुणावर काढावा तेच कळेना, म्हणून तिनं तो खिडकीवर काढला आणि काच फुटली.

त्या रविवारी कुमार डबा घेऊन आला. दोघांचं बोलणं अजून जेमतेमच होतं. तो मागं उभा राहून पडदा बघत राहिला.

"हा एकतीस आकडा कसला?"

"एकतिसाव्यांदा बांधलं, म्हणून."

"आणि मशीनवर?"

तिनं तेव्हाचा फोटो दाखवला. मशीनच्या पडद्याच्या फोटोत, नाव आणि तारखेच्या अलीकडे, आकडा होता नुसता एक.

"म्हणजे त्यानं कोऱ्यावर बांधलं," कुमार म्हणाला. "तू जुन्यावर जोडत बसलीस."

आता हे कुणा दुसऱ्याच्या घरात झालं नसतं. विणकराच्या घरात मागावरचा ताणा संपला तरी जुने दोरे कुणी काढून टाकत नाही. त्यांची टोकं तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा त्यांना गाठ मारून पुढं ओढायचा. हजारो दोरे नव्यानं फणीतून ओवायचे म्हणजे दोन दिवस गेले. जुनं कापून टाकलं म्हणून रत्नम्मानं लहानपणी वडिलांचा मार खाल्ला होता. त्यामुळं अठरा वर्षं कॉम्प्युटरवर काम करूनसुद्धा तिचा हात मागची बांधणी पुसायला वळत नव्हता. झालेलं राहू द्यायचं, बदललं तेवढंच जोडायचं. एरवी चालतं. पण प्रत्येक जोडणीला गाठोड्यात आकडा एकानं वाढत होता, आणि एकतिसाव्याचा पहिल्याशी मेळ कधीच बसणार नव्हता. ते तिला आधीच दिसायला हवं होतं. तिनं स्वतःला चार शिव्या दिल्या, त्याही कुमारसमोर.

तिनं सेटिंगची फाइल तेवढी बाजूला काढली आणि बाकी सगळं पुसलं. सव्वा तास दोघं शेंगाचटणी आणि भाकरी खात बसले. गाठोडं झालं. आकडा जुळला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

कुमारनं विचारलं, "माझ्या नावाची ओळ पुसली तर हे बिघडंल का?"

तिनं ती टीप पुसली, परत सगळं कोरं करून बांधलं आणि परत सव्वा तास थांबली. आकडा तोच आला. टीप माणसांसाठी असते, मशीनच्या गाठोड्यात ती जातच नाही. म्हणजे ओळ पुसली तरी पुरावा धडधाकट राहत होता, आणि तो मसुदा मशीनमध्ये चालतच नाही असं लिहून बसलेल्या कंपनीला मूळ टीप काढून दाखवता येणार नव्हती. रत्नम्मानं पुसलेलीच प्रत पेनड्राइव्हवर घेतली. भावावर ती कितीही चिडलेली असो, त्याचं नाव उदयसिंहच्या तोंडी द्यायला ती तयार नव्हती. खोटं ते खोटं; तिला त्याची लाज वाटली आणि तरी तिनं ते केलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कुमार कारखान्यात त्याची पाने-पकडीची पिशवी आणायला गेला. दुपारी परत आला तो पांढरा पडलेला.

"माझ्या मशीनवर अभिमन्यूला, त्या नव्या पोराला, घातलंय," तो म्हणाला. "दोरा तुटला. त्यानं बटण दाबलं आणि घातला की हात. मी मागनं कॉलर धरून ओढला त्याला. तो मलाच म्हणतो, काय झालं, बटण दाबलंय की मी." तो खाली बसला. "ती ओळ परत घाल अक्का. माझ्या नावासकट."

"ते तुलाच धरतील."

"धरू दे. ते दीड सेकंद कशासाठी घातले ते कळल्याशिवाय ते नीट दुरुस्त करायचे न्हाईत. नुसतं बटण सुधारतील, मग भुकटीनं मशीन थांबायला लागली की परत कुणीतरी जॉबर जाऊन मागंल. मी मागितलं होतं तसंच."

ती त्याच्यावर परत ओरडली. मग कॉलेजात जाऊन तिनं ओळ परत घातली.

सुनावणीला राजनंदिनी मॅडम, अप्पा, उदयसिंह आणि हे दोघं. रत्नम्मानं लॅपटॉप उघडला, सीलबंद नक्कल मॅडमच्या हातानं फोडून घेतली आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले. उदयसिंहनं दोन्ही आकडे अक्षर अक्षर ताडून पाहिले. मग तो खाली, उघड्या सोर्स कोडातल्या टिपेवर आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, वाचा ना. त्यांच्याच माणसानं मागितलंय. जॉबर कुमार."

"हे कुमार कोण?" मॅडमनी विचारलं.

कुमारनं हात वर केला. उजवाच केला.

"मीच मॅडम. दोऱ्याच्या सेन्सरचं मागितलं होतं. अप्पांनी सांगितलं म्हणून मागितलं. बटणाचं न्हाय मागितलं. बटणाला दीड सेकंद लागतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी दीड सेकंद थांबलो असतो. मी एकवीस वर्षं थांबतोय की मशिनीसाठी."

मॅडमनी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी मान खाली घातली आणि "व्हय, मीच सांगितलं त्याला" असं म्हणाले. मॅडमनी उदयसिंहला सांगितलं, बटणाला उशीर होणार हे कारखान्याला कळवल्याचा एक कागद दाखवा. एकही नव्हता.

अहवालातले ते दोन शब्द मॅडमनी आडवी रेघ मारून कापले, बाजूला सही केली आणि अप्पांना करायला लावली. सगळ्या मशिनी प्रणाली बदलेपर्यंत बंद ठेवायचा आदेश लिहायला घेतला. उदयसिंह म्हणाला, कंपनीकडून नवी यायला महिना लागेल.

"सव्वा तास लागतो," रत्नम्मा म्हणाली. "वाट बघायची ओळ मी सेन्सरपुरतीच ठेवलीय. बटणावरनं काढलीय. तुम्ही तपासा, चूक काढा, आणि सही करा. नाहीतर मी इथून उठत नाही." संध्याकाळी साडेपाचला उदयसिंहनं सही केली, तेव्हा ती उठली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना कुमारनं कालपासून सोबत बाळगलेली अवजारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि भीत भीत विचारलं, "आता तरी राग गेला का, अक्का?"

"बोटं आली का परत?" रत्नम्मा म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी ओढून स्वतःच्या खांद्याला लावली.